बिनभोकाची मायफळं

मायफळ पारखण्यात जगन्नाथरावांचा हात धरणारा सांगलीच्या गणपती पेठेत कोणी नव्हता. हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं नव्हतं. समोरचा भुसारवालासुद्धा मान्य करायचा, आणि तो सहसा कोणाचं काही मान्य करत नसे. चाळीस वर्षं त्यांनी काष्ठौषधींचं दुकान चालवलं. बाळंतिणीची आई किंवा सासू गुटीचं सामान न्यायला आली की हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग नोकर बांधायचा, पण मायफळाला मालक स्वतः उठायचे. सुपारीएवढं ते फळ तळहातावर घ्यायचं, एकदा झुलवायचं आणि अंगठ्याने फिरवून बघायचं. अंगाला बारीक भोक असलं तर ते हलकं आणि दुय्यम. भोक नसलं तर जड, अव्वल. "बिनभोकाचं घ्या वहिनी," ते म्हणायचे, "सहाणेवर चार वेढे जास्त द्यावे लागतील, पण गुण येईल."

आता दिव्याखाली अंधार बघा. ज्याच्यावर घर चाललं ते फळ मुळात फळच नव्हे, हे त्यांना साठीत कळलं, तेही मुलीकडून. ज्ञानदा सहावीत असताना तिने दुकानातलं एक मायफळ बत्त्याने फोडलं होतं आणि आत वाळलेली माशी सापडली म्हणून ऐन गिऱ्हाइकांत ओरडत आली होती. जगन्नाथरावांनी तिला दटावलं होतं, "आत काही नसतं. जा, अभ्यास कर." मुलीने अभ्यास केला तो असा की आता ती अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, त्याच माशीवर पीएच.डी. करत होती. ओकच्या झाडावर एक चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते. झाड त्या जागी गोल गाठ वाढवतं. अळी त्या गाठीत राहते, तीच खाते, आणि पंख फुटले की भिंत कुरतडून बाहेर पडते. भोक पडतं ते तेव्हा. हे पहिल्यांदा फोनवर कळलं त्या दिवशी सुनेत्राबाई पदर तोंडाशी धरून इतक्या हसल्या होत्या की त्यांना ठसका लागला. "म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही लोकांना बाळंतिणीची खोली विकलीत हो," त्या म्हणाल्या होत्या.

सुनेत्राबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

लोक म्हणाले, जगन्नाथराव मोठे खंबीर. खंबीर कसले! दातांच्या डॉक्टराने सुई टोचली की गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. दहाव्याला डोळ्यांत पाणी आलं नाही, तेराव्याला आलं नाही. ऑक्टोबरात ज्ञानदाने तिकीट काढून त्यांना कॅरीला, आपल्या घरी, आणलं, तेव्हा विमान उडालं काय नि उतरलं काय, त्यांना सारखंच होतं. सकाळी ते अपार्टमेंटमागच्या तळ्याला दोन फेऱ्या मारत. वाटेत कोणी मराठी भेटलं आणि "काका, कसं वाटतंय इथे?" असं विचारलं की ते म्हणत, "छान." हा शब्द फार सोयीचा आहे, तो टाकला की माणूस पुढे जातो. डिसेंबरात एकदा ज्ञानदा जेवताना म्हणाली, "बाबा, आमटीत मीठच नाहीये. बोलला का नाहीत?" त्यांची तोवर दोन वाट्या आमटी पिऊन झाली होती.

पण या सगळ्या बधिरपणात एक गोष्ट मात्र टोचत होती, आणि ती मुलीला सांगायची होती.

गेल्या मार्चमध्ये सुनेत्राबाईंना ताप आला. जगन्नाथरावांनी कपाळाला हात लावला आणि सांगितलं, साधी कणकण आहे. मायफळासारखंच, वरून बघून. तिसऱ्या दिवशी दम लागायला लागला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. त्या म्हणाल्या, "ज्ञानदाला बोलावून घ्या." हे म्हणाले, "उगीच कशाला? एवढ्याशा तापाला पोर सातासमुद्रापलीकडून येणार?" दुसऱ्या दिवशी त्या परत म्हणाल्या. यांनी व्हिसाचं कारण काढलं. आली आणि परत जायची पंचाईत झाली तर चार वर्षं पाण्यात. नाकाला नळी लागल्यावर त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. यांनी त्यांचा हात थोपटला. रोज रात्री ज्ञानदाचा फोन यायचा तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात जाऊन सांगायचे, "आई झोपलीये. बरी आहे." चौथ्यांदा सुनेत्राबाईंनी विषय काढला नाही. तिची समजूत पटली, असं जगन्नाथरावांनी धरलं. दोन दिवसांनी पहाटे सगळं संपलं, आणि ज्ञानदा पोचली ती तिसऱ्या दिवशी, अस्थी घेऊन यायच्या वेळेला.

आई तुला बोलावत होती, मी बोलावलं नाही. एवढंच सांगायचं होतं. त्याला पाच महिने लागत होते. आता वर्षश्राद्धासाठी त्यांचं गुरुवारचं परतीचं विमान होतं आणि आज सोमवार उजाडला होता.

सोमवारी ज्ञानदा नेहमीप्रमाणे आठला गाडी काढून युनिव्हर्सिटीत गेली. दहाच्या सुमारास वारा सुटला. बघता बघता आडवा पाऊस आला, आणि बाल्कनीत काहीतरी मोठ्याने कोसळलं.

बाल्कनीत ज्ञानदाचं एक लोखंडी मांडण होतं. त्यावर कागदी पेले, प्रत्येक पेल्याच्या तोंडाला जाळीचं फडकं रबरबँडने बांधलेलं, आणि आत ओकवरच्या त्या गाठी, गोल, तपकिरी, लाकडासारख्या कडक. झाडावर असताना लागते तीच थंडी त्यांना लागली पाहिजे म्हणून त्या घरात न ठेवता बाहेर ठेवल्या होत्या. आल्या दिवशीच ज्ञानदाने सांगितलं होतं, "बाबा, घरात काय वाट्टेल ते करा. फक्त या पेल्यांना हात लावू नका." जगन्नाथरावांनी पाच महिन्यांत बोटही लावलं नव्हतं. त्यांना कशाला हात लावावासाच वाटत नव्हता.

आता मांडण तोंडघशी पडलं होतं. पेले फाटले होते, फडकी भिजून चिखल झाली होती आणि गाठी बाल्कनीभर गडगडत होत्या. जगन्नाथराव पावसात वाकले आणि त्या गोळा करायला लागले. त्यातली एक तळहातावर आली. काही कळायच्या आत त्यांनी ती झुलवली आणि अंगठ्याने फिरवली. बिनभोकाची, जड, अव्वल.

वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या हातांना काहीतरी करावंसं वाटलं. एखाद्याला हे क्षुल्लक वाटेल, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि निवडायला बसले. एकीकडे भोकाच्या, एकीकडे बिनभोकाच्या. बोटं आपोआप चालत होती. तासाभरात सहाशेच्या आसपास गाठी निवडून झाल्या. निम्म्याहून जास्त बिनभोकाच्या निघाल्या. पण माल ओला होता. ओलं मायफळ दोन दिवसांत बुरशी धरतं, हे त्यांना सांगायला कोणी नको होतं. सांगलीत पावसाळ्यात भिजका माल आला की ते शेजारच्या बेकरीच्या भट्टीवर पत्रे ठेवून तो सुकवत. पत्रे उतरवायला सुनेत्राबाई असत, हातात जुनं धोतर धरून.

माश्यांचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण गाठी गेल्या वर्षीच्या आहेत, हे ज्ञानदाने कधीतरी सांगितलं होतं. ज्यांना निघायचं त्या गेल्या वर्षीच भोक पाडून निघून गेल्या. ज्यांना भोक नाही त्यांत आता कोण बसलंय? हिशेब चोख होता. ज्ञानदा ज्या ओव्हनमध्ये शेंगदाणे भाजायची त्याची खुंटी त्यांनी सगळ्यात कमी आकड्यावर आणली आणि दोन ट्रे आत सरकवले. तासाभराने काढले. खडखडीत वाळल्या होत्या. ते खुर्चीत बसून त्या दोन ढिगांकडे बघत राहिले, आणि त्यांना वाटलं, आज ती आली की सांगून टाकू.

ज्ञानदा साडेपाचला आली. खांद्यावरची बॅग न उतरवता ती टेबलापाशी आली, आधी ढिगांकडे बघितलं, मग ट्रेकडे.

"मांडण पडलं वाऱ्याने," जगन्नाथराव म्हणाले. "सगळं भिजलं होतं. एकही हरवली नाही, बघ."

"बाबा, हे ओव्हनमध्ये ठेवलं होतं तुम्ही?"

"अगदी मंद. एक तासभर. बुरशी धरली असती गं."

तिने बिनभोकाच्या ढिगावर तळहात टेकवला, आजाऱ्याच्या कपाळावर टेकवावा तसा. बराच वेळ उचलला नाही. मग खुर्ची ओढून बसली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या एकाच वर्षी निघत नाहीत, बाबा. काही थांबतात. आतच राहतात अजून एक वर्ष. पहिल्या वर्षी कोण निघतं आणि कोण थांबतं, तेच माझं काम आहे. या थांबलेल्या होत्या." तिने ढिगाकडे बोट केलं. "पुढच्या आठवड्यात निघायला लागल्या असत्या. मोस्टली."

करायला गेलो गणपती नि झालं माकड, अशी म्हण आहे. ती म्हणताना लोक हसतात.

"मग आता?"

"आता काही नाही. इट्स ओके, बाबा."

"तुझं ते प्रबंधाचं मेमध्ये होतं ना... डिफेन्स?"

"बघू. गाइडशी बोलेन. पुढे ढकलू. इट्स ओके. तुम्ही भिजलात का? कपडे बदलले ना?"

जगन्नाथराव वाट बघत होते की आता आपल्याला काहीतरी होईल. पाच वर्षांचं काम आपण तासाभरात भाजून काढलं. छातीत कुठेतरी कळ यायला हवी. आली नाही. सर्वांत भयंकर त्यांना वाटलं ते हेच. आणि ही पोरगीही ओरडत नव्हती. तिने आदळआपट करावी, "तुम्हाला सांगितलं होतं ना!" म्हणून किंचाळावं, अशी त्यांची फार इच्छा होती. पण ती इट्स ओके म्हणत होती, बँकेतल्या खिडकीमागच्या बाईसारखी, आणि त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवत होती.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "फोडून बघायला लागतील. सगळ्या. आत्तापर्यंत किती जिवंत होत्या, ते तरी कळेल."

तिने टेबलावर दिवा ओढला, चिमटा, भिंग आणि वही घेतली आणि पातळ पातं घेऊन पहिली गाठ कापायला लागली. पातं घसरलं. दुसऱ्यांदा घसरलं. तिसऱ्यांदा गाठ चिरडली आणि आतलं सगळं पिठासारखं झालं.

"आण इकडे," जगन्नाथराव म्हणाले.

ते आत जाऊन आपला अडकित्ता घेऊन आले. पितळी मुठीचा, सासऱ्यांनी दिलेला. त्यांनी गाठ दोन पात्यांमध्ये धरली, एकदा फिरवली, शीर बघितली आणि हलकेच दाबलं. टक् असा आवाज झाला आणि गाठीची दोन शकलं पडली, सुपारीची पडावीत तशी. मधला कोश धक्का न लागता उघडा पडला.

ज्ञानदाने भिंगातून पाहिलं. "रिकामी," म्हणाली आणि वहीत रेघ ओढली.

असं ते सुरू झालं. हे फोडत, ती बघत आणि लिहीत. काही रिकाम्या निघाल्या, काहींत बुरशी, काहींत पांढरी वाळकी अळी. आणि मधूनच एखाद्या गाठीत आख्खी माशी निघे. मुंगीपेक्षा फार मोठी नाही, तपकिरी, पाय पोटाशी घेतलेले, पंख पाठीवर नीट घडी केलेले. एकीने तर आतून भिंत अर्धी कुरतडलेली होती. बाहेरून पाहिलं तर त्या गाठीत आणि रिकाम्या गाठीत काडीचा फरक नव्हता. चाळीस वर्षं जगन्नाथरावांनी बाहेरून बघून सांगितलं होतं, आत काय आहे ते.

"ही तयारच होती," ज्ञानदा त्या अर्ध्या भिंतीकडे बघून म्हणाली. "दोन-तीन दिवसांत आली असती बाहेर."

जगन्नाथरावांनी पुढची गाठ उचलली आणि न फोडता हातात धरून ठेवली.

"ज्ञानदा, आई तुला बोलाव म्हणत होती."

ती चिमटा धरून तशीच थांबली.

"दवाखान्यात. तीनदा म्हणाली. मी नाही बोलावलं. म्हटलं साधा ताप आहे. म्हटलं तुझा व्हिसा. तू फोनवर विचारायचीस आणि मी व्हरांड्यात जाऊन सांगायचो, झोपलीये. ती जागी असायची. काचेतून माझ्याकडे बघत असायची." त्यांचा आवाज दुकानात भाव सांगावा तसा सरळ येत होता. "चौथ्यांदा नाही म्हणाली. मला वाटलं, तिची समजूत पटली."

बाहेर पाऊस थांबला होता. ज्ञानदाने चिमटा खाली ठेवला.

"तुम्ही डबा आणायला घरी गेला होतात," ती म्हणाली. "शेजारच्या कॉटवरच्या बाईंच्या फोनवरून तिने मला कॉल केला होता. धापा टाकत होती. म्हणाली, येतेस का गं."

जगन्नाथरावांनी हातातली गाठ ढिगात परत ठेवली.

"मी म्हटलं, आई, दहा दिवस थांब. पहिल्या बॅचच्या माश्या निघायला लागल्यात, रोज मोजाव्या लागतात. एक दिवस चुकला तर वर्ष जातं. संपलं की लगेच येते. ती म्हणाली, बरं, तुझं होऊ दे. आणि बाबांना सांगू नकोस मी फोन केला ते, चिडतील."

"कसल्या माश्या?" जगन्नाथरावांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"याच, बाबा." तिने भोकाच्या ढिगात बोटं घातली. "यांच्यातून निघाल्या त्या."

चौथ्यांदा सुनेत्रा का म्हणाली नाही, ते जगन्नाथरावांना तेव्हा कळलं. तिची समजूत बिमजूत काही पटली नव्हती. तिला उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर पोटात घेऊन ती दोन दिवस त्यांच्यासमोर पडून होती. मुलीचं नाव नवऱ्यापाशी खराब होऊ नये म्हणून गप्प, आणि नवऱ्याचं मुलीपाशी.

वर्षभरात पहिल्यांदा त्यांना काही वाटलं, आणि तो होता राग. पोरीचा राग. लाल, सरळ, मुस्काटीत द्यावी असा. तो आला तसा त्यांनी येऊ दिला. मग त्यांना आपल्या हातातला अडकित्ता दिसला आणि कळलं की तो राग वाटून घ्यायला माणसं दोन आहेत.

"बोला ना काहीतरी," ज्ञानदा म्हणाली. "फक्त इट्स ओके म्हणू नका."

"यायला हवं होतंस," जगन्नाथराव म्हणाले.

"हो."

"आणि मी बोलवायला हवं होतं."

"हो! हवं होतं!" ती ओरडली. "तुम्ही म्हणाला असतात ना, तर मी आले असते! तिला नाही म्हणता आलं मला, तुम्हाला नसतं आलं! तुम्ही एकदा म्हणायचंत!" आणि तिने टेबलावर डोकं टेकलं, त्या सगळ्या फोडलेल्या शकलांवर, आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. जगन्नाथरावांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि तिच्या केसांतले टरफलांचे कण एकेक करून काढत बसले. त्यांना स्वतःला रडू आलं नाही. पण त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता आणि डोकं गरम लागत होतं, हे त्यांना नीट कळत होतं.

पुष्कळ वेळाने ती उठली, तोंड धुऊन आली आणि कुकर लावला. उरलेला ढीग जेवणानंतर फोडायचा ठरलं. वही मिटून, गाठींचं वर्तमानपत्र टेबलाच्या एका अंगाला सरकवून तिने तिथेच पानं मांडली. मुगाची खिचडी, वर तूप. दोघं जेवायला बसले.

पहिला घास घेतल्यावर जगन्नाथराव थांबले.

"मीठ राहिलं," ते म्हणाले.

ज्ञानदाने घास घेऊन पाहिला. मग त्यांच्याकडे पाहिलं. "रोजच राहतं, बाबा. मला आठवतच नाही. मी आपली वरून घेते."

ती उठायला लागली तसं त्यांनी हाताने तिला बसवलं आणि स्वतः उठले. फळीवर ओळीने डबे होते. एक उघडला, त्यात साखर होती. दुसऱ्यात पोहे, तिसऱ्यात साबुदाणा. पाच महिने या घरात राहून त्यांना मिठाचा डबा माहीत नव्हता.

"कुठे ठेवलंयस गं मीठ?" पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर एकाच माणसाला विचारला होता. वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यांचा आवाज फुटला, आणि उघडा डबा हातात धरून जगन्नाथराव फळीला डोकं लावून रडायला लागले.